जॉन पिल्जर पहिल्यांदा पाहताय? सुरुवात कुठून करायची आणि सोबत काय तपासायचं

जॉन पिल्जर या ऑस्ट्रेलियन पत्रकाराचे माहितीपट पाहायचं ठरवलं की पहिली अडचण येते ती त्यांच्या संख्येची. १९७० ते २०१९ या काळात त्यांनी साठच्या आसपास माहितीपट केले. व्हिएतनाम, कंबोडिया, निकाराग्वा, पूर्व तिमोर, इराक, पॅलेस्टाईन, चागोस बेटं, ऑस्ट्रेलियातले आदिवासी आणि शेवटी ब्रिटनची सरकारी आरोग्यसेवा. यूट्यूबवर नाव टाकलं की आधी वर येतात ते पाच-सात मिनिटांचे तुकडे, कुणीतरी आपल्या सोयीने कापलेले. ते पाहून माणूस एक तर भारावून जातो, नाही तर 'हा काय, प्रत्येक गोष्टीत अमेरिका-ब्रिटनचाच दोष काढतो' असा शिक्का मारून मोकळा होतो. दोन्हीकडे मूळ काम बघायचं राहूनच जातं.

मी पिल्जरांचा चाहता आहे. पत्रकाराने कुणाच्या शेजारी उभं राहून प्रश्न विचारायचे हे मला त्यांच्या कामातून समजलं. नव्याने पाहणाऱ्याला एक किल्ली आधीच देऊन ठेवतो. त्यांच्या उत्तम माहितीपटांत तीन गोष्टी एकत्र येतात: ज्याचं आयुष्य उद्ध्वस्त झालं तो माणूस, ते कुणी ठरवून केलं हे दाखवणारा सरकारी कागद आणि त्या निर्णयाला जबाबदार असलेल्याला समोर बसवून विचारलेला प्रश्न. माणूस, कागद, प्रश्न. तिन्ही असतात तिथे पिल्जरांना तोड नाही. एखादी कमी पडते तिथे आपणच सावध राहायचं. खालचा क्रम मी याच कसोटीवर लावला आहे.

सुरू करण्याआधी जवळ काय हवं

- जगाचा चांगला नकाशा, छापील असला तर उत्तम. दिएगो गार्सिया हे बेट किंवा पूर्व तिमोरची राजधानी दिली कुठे आहे हे डोळ्यांनी पाहिल्याशिवाय गोष्ट नीट कळत नाही.
- वही आणि पेन. प्रत्येक माहितीपटातला एक आकडा, एक तारीख आणि एका अधिकाऱ्याचं नाव लिहून ठेवा. पडताळणीला एवढं पुरतं.
- पूर्ण माहितीपट. पिल्जरांच्या अधिकृत संकेतस्थळावर बरेच माहितीपट मोफत पाहायला मिळतात. शोधताना त्यांचं नाव आणि माहितीपटाचं नाव इंग्रजी स्पेलिंगनेच टाका. कुणी 'सर्वोत्तम क्षण' म्हणून जोडलेले व्हिडिओ सुरुवातीला टाळा.
- इंग्रजी सबटायटल. मराठी सबटायटल मिळतील अशी आशा ठेवू नका. पिल्जरांचं स्वतःचं निवेदन संथ आणि स्पष्ट आहे, पण सैनिक, मंत्री, बेटांवरचे लोक प्रत्येकाचा उच्चार वेगळा.
- सलग तास-दीड तास. हे जेवताना बघायचे माहितीपट नाहीत.

१. आधी माणूस ओळखून घ्या

जन्म ९ ऑक्टोबर १९३९, सिडनीतल्या बाँडाय भागात. उमेदवारी सिडनीच्याच वृत्तपत्रांत. साठच्या दशकाच्या सुरुवातीला लंडन गाठलं आणि 'डेली मिरर'मध्ये लागले. हे कामगारवर्गाचं, प्रचंड खपाचं टॅब्लॉइड दैनिक. पिल्जरांची भाषा इथे घडली: छोटी वाक्यं, थेट नावं घेणं, आकड्यामागचा चेहरा दाखवणं. विद्यापीठातल्या अभ्यासकाचा तोल त्यांच्याकडे शोधू नका. ते बातमीदार होते, रागावलेले बातमीदार होते. ब्रिटनमधला वर्षातला सर्वोत्तम पत्रकार हा मान त्यांना १९६७ आणि १९७९ असा दोनदा मिळाला. ३० डिसेंबर २०२३ रोजी लंडनमध्ये त्यांचं निधन झालं.

आणखी एक ध्यानात घ्या. त्यांचे बहुतेक माहितीपट ब्रिटनच्या आयटीव्ही या व्यावसायिक वाहिनीवर, म्हणजे जाहिरातींवर चालणाऱ्या वाहिनीवर, लाखो घरांत दिसले. कुठल्या चळवळीच्या बैठकीत दाखवायला ते केलेले नव्हते. त्यामुळे प्रेक्षकाला काहीच माहीत नाही असं धरूनच ते सुरू होतात, आणि नवख्या माणसाला याचा फार फायदा होतो.

२. पहिला माहितीपट: 'स्टीलिंग अ नेशन' (२००४)

बहुतेक जण कंबोडियापासून सुरू करायला सांगतात. माझं मत वेगळं आहे. चागोसपासून सुरू करा. तासाभराचाही नाही आणि तिन्ही गोष्टी त्यात ठासून भरलेल्या आहेत.

नकाशा उघडा. कन्याकुमारीपासून दक्षिणेकडे साधारण १८०० किलोमीटरवर, हिंदी महासागराच्या मधोमध चागोस द्वीपसमूह आहे. त्यातलं सर्वांत मोठं बेट दिएगो गार्सिया. १९६५ मध्ये, मॉरिशसला स्वातंत्र्य देण्याआधी, ब्रिटनने ही बेटं मॉरिशसपासून तोडून घेतली. १९६६ मध्ये अमेरिकेशी करार झाला, तिथे लष्करी तळ करायचा. अडचण एकच होती. बेटांवर माणसं राहत होती, पिढ्यान्‌पिढ्या, दीड-दोन हजार. नारळाच्या बागा, चर्च, शाळा, कब्रस्तान सगळं होतं. १९७३ पर्यंत त्या सगळ्यांना बोटींत घालून मॉरिशस आणि सेशेल्सला नेऊन सोडलं.

आता पिल्जर काय करतात ते बारकाईने पाहा. ते जुन्या चित्रफितीचे तुकडे दाखवतात. पांढऱ्या वाळूवर खेळणारी मुलं, चर्चमधून बाहेर पडणारी माणसं. त्यानंतर ब्रिटिश परराष्ट्र खात्याचे कागद वाचून दाखवतात. त्यांत अधिकारी एकमेकांना लिहितात की इथे कायमची वस्ती नाहीच, हे सगळे कंत्राटी मजूर आहेत, असं जगाला सांगायचं. १९७० च्या एका टिपणात तर ही बतावणी चालू ठेवण्याचा मुद्दा चक्क शीर्षक म्हणून येतो. पडद्यावर आधी माणसं, मग ती माणसं नाहीतच असं सांगणारा कागद. वेगळ्या टीकेची गरजच उरत नाही. आणि बेटवासीयांची पाळीव कुत्री गोळा करून, कोंडून, गाड्यांच्या धुराने मारली गेली, तो प्रसंग एक वृद्ध बाई सांगते तेव्हा पिल्जर मध्ये एक शब्द बोलत नाहीत.

पडताळायचं कसं? इथे सोपं आहे, म्हणून तर हा पहिला घ्यायचा. परराष्ट्र खात्याचे ते कागद ब्रिटनच्या न्यायालयांपुढे आले. २००० मध्ये लंडनच्या उच्च न्यायालयाने बेटवासीयांच्या बाजूने निकाल दिला. २००४ मध्ये सरकारने राणीच्या हुकमाने, संसदेला वळसा घालून, बेटांवर परतण्याचा हक्क पुन्हा काढून घेतला. २००८ मध्ये हाउस ऑफ लॉर्ड्सच्या न्यायाधीशांनी ३ विरुद्ध २ मतांनी सरकारची बाजू उचलून धरली. माहितीपट इथवर पोचत नाही, पुढचं तुम्हीच वाचायचं. फेब्रुवारी २०१९ मध्ये आंतरराष्ट्रीय न्यायालयाने मत दिलं की चागोस तोडणं बेकायदा होतं. त्याच मे महिन्यात संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेत ११६ विरुद्ध ६ असं मतदान झालं. भारताने मॉरिशसच्या बाजूने मत दिलं. मे २०२५ मध्ये ब्रिटन आणि मॉरिशसने सार्वभौमत्वाच्या करारावर सह्या केल्या, पण त्यातही दिएगो गार्सियावरचा तळ ९९ वर्षांच्या भाडेपट्ट्याने राहणार आणि त्या बेटावर लोकांना परत वसता येणार नाही अशीच तरतूद आहे.

मॉरिशसमध्ये आपली माणसं आहेत. एकोणिसाव्या शतकात कोकणातून ऊसमळ्यांवर गेलेल्या मजुरांचे वंशज आजही स्वतःला मराठी म्हणवतात आणि गणेशचतुर्थीला तिथे सार्वजनिक सुट्टी असते. तिथे कुणी ओळखीचं असेल तर पोर्ट लुईसमधल्या चागोसच्या वस्त्यांबद्दल जरूर विचारा.

३. दुसरा: 'इयर झीरो' (१९७९)

जानेवारी १९७९ मध्ये व्हिएतनामी फौजांनी कंबोडियातली पोल पॉटची, म्हणजे ख्मेर रूज या कम्युनिस्ट पक्षाची, राजवट उलथवली. त्याच वर्षी पिल्जर आणि दिग्दर्शक डेव्हिड मन्रो कंबोडियात पोचले. राजधानी नॉम पेन्ह ओस पडलेली. राष्ट्रीय बँक सुरुंगाने उडवलेली, नोटा रस्त्यावर पावसाच्या पाण्यात वाहत होत्या आणि कुणी उचलत नव्हतं. हॉस्पिटलमध्ये मुलं साध्या पेनिसिलिनअभावी मरत होती.

हा माहितीपट घरात लहान मुलं असताना लावू नका. मोठ्यांनाही मधेच थांबावंसं वाटेल, तर थांबा.

पिल्जरांचा मुद्दा दुहेरी आहे. एक, अमेरिकेच्या १९६९ ते १९७३ च्या बॉम्बवर्षावाने ख्मेर रूजला जमीन तयार करून दिली. दोन, व्हिएतनामने बसवलेलं सरकार मान्य नाही म्हणून पाश्चात्त्य देशांनी मदत अडवून धरली. पोल पॉटच्या पक्षाची संयुक्त राष्ट्रांतली जागा पुढेही कायम राहिली हे नोंदलेलं सत्य आहे. भारताने मात्र १९८० मध्ये नव्या सरकारला मान्यता दिली. मदत नेमकी कुणी, किती अडवली यावर वाद झाले आणि ब्रिटिश पत्रकार विल्यम शॉक्रॉस यांनी पिल्जरांच्या मांडणीवर कडक आक्षेप घेतले. त्यांचं म्हणणं जरूर वाचा. माणूस आणि कागद इथे दोन्ही आहेत, पण समोर बसवलेल्या जबाबदार माणसाचा वाटा थोडा आहे, हे वहीत लिहून ठेवा.

प्रेक्षकांनी न मागता पैसे पाठवले, मुलांनी खाऊचे पैसे पाठवले. एकूण आकडा साडेचार कोटी डॉलरच्या आसपास सांगितला जातो. टीव्हीवरच्या एका कार्यक्रमाने एवढं घडवल्याची उदाहरणं फार नाहीत.

४. तिसरा: 'डेथ ऑफ अ नेशन' (१९९४)

पूर्व तिमोर ही पोर्तुगालची वसाहत. १८४४ पर्यंत तिचा कारभार गोव्यातून चालत असे, त्यामुळे गोव्याच्या वाचकाला पडद्यावरची चर्चं, आडनावं, सांताक्रूझसारखी ठिकाणांची नावं ओळखीची वाटतील. ७ डिसेंबर १९७५ रोजी इंडोनेशियाने तिथे फौजा घुसवल्या. १२ नोव्हेंबर १९९१ रोजी दिलीतल्या सांताक्रूझ कब्रस्तानात जमलेल्या लोकांवर सैनिकांनी गोळीबार केला. तो मॅक्स स्टाल या कॅमेरामनने टिपला. चित्रफीत आधी कबरीत लपवून मग बाहेर काढली म्हणून जगाला दिसली. पिल्जर आणि मन्रो पर्यटन व्यावसायिक असल्याचं सांगून गुपचूप आत शिरले.

या माहितीपटातली एक मुलाखत दोनदा पाहा. समोर ॲलन क्लार्क, थॅचर सरकारमध्ये संरक्षण खरेदीचे मंत्री राहिलेले. ब्रिटनने इंडोनेशियाला हॉक विमानं विकली त्याबद्दल बोलणं चाललं आहे. पिल्जर मधेच विचारतात, तुम्ही शाकाहारी आहात, प्राणी कसे मारले जातात याची तुम्हाला काळजी वाटते असं वाचलं, बरोबर? क्लार्क हो म्हणतात. मग ही काळजी माणसं कशी मारली जातात तिथवर पोचते का? नाही, असं क्लार्क सांगतात, आणि एका परक्या जमातीने दुसऱ्या परक्या जमातीचं काय केलं यात आपण फारसं डोकं घालत नाही अशा अर्थाचं उत्तर देतात. पिल्जरांचा आवाज कुठेही चढत नाही. मुलाखत घ्यायला शिकणाऱ्या प्रत्येकाने ही तीन मिनिटं अभ्यासावीत. प्रश्न साधा, तयारी आधी झालेली, आणि उत्तरानंतरची शांतता तशीच ठेवलेली.

पडताळणी: इंडोनेशियाच्या आक्रमणाच्या आदल्याच दिवशी अमेरिकेचे अध्यक्ष फोर्ड आणि परराष्ट्रमंत्री किसिंजर जकार्तात इंडोनेशियाचे अध्यक्ष सुहार्तो यांना भेटले होते. त्या भेटीचा वृत्तांत २००१ मध्ये खुला झाला आणि फोर्ड यांनी आडकाठी घेतली नाही हे कागदावर आलं. म्हणजे माहितीपटानंतर सात वर्षांनी कागदाने पिल्जरांना दुजोरा दिला. आकड्याचं मात्र तसं नाही. माहितीपटात मृतांचा आकडा दोन लाख येतो. पुढे तिमोरच्या सत्यशोधन आयोगाने हिशेब केला तो किमान १,०२,८०० आणि कमाल १,८३,००० च्या आसपास. बोलताना आयोगाचा आकडा वापरा.

५. मग मागे जा: 'द क्वाएट म्युटिनी' (१९७०)

पहिलाच माहितीपट, जेमतेम अर्ध्या तासाचा. व्हिएतनाममधले अमेरिकी सैनिक लढायला आणि हुकूम मानायला नकार देऊ लागले आहेत, ही बातमी. लंडनमधल्या अमेरिकी राजदूताने तक्रार केली होती. सैनिकांशी बोलणारे तिशीतले पिल्जर बघायला मिळतात. फार वेळ घालवू नका, पण चुकवूही नका.

६. इथे पाय घसरतो: चार सापळे

*इराकचा आकडा.* 'पेइंग द प्राइस' (२०००) हा संयुक्त राष्ट्रांनी इराकवर लादलेल्या आर्थिक निर्बंधांचा माहितीपट. संयुक्त राष्ट्रांच्या मदतकार्याचे प्रमुख डेनिस हॅलिडे यांनी १९९८ मध्ये आणि त्यांच्या जागी आलेल्या हान्स फॉन स्पोनेक यांनी २००० मध्ये राजीनामा दिला. दोघांचं म्हणणं ऐकण्यासारखं आहे. पण निर्बंधांमुळे पाच लाख मुलं दगावली हा आकडा पुढे टिकला नाही. तो १९९९ च्या युनिसेफच्या पाहणीवर उभा होता. सद्दामची राजवट गेल्यावरच्या पाहण्यांत बालमृत्यूंची तशी उसळी दिसली नाही, आणि इराकी सरकारने मूळ माहितीत फेरफार केल्याचा निष्कर्ष २०१७ मध्ये 'बीएमजे ग्लोबल हेल्थ' या नियतकालिकातल्या लेखात मांडला गेला. पिल्जरांनी तेव्हा उपलब्ध असलेला आकडा वापरला होता. आज तो वादात फेकलात तर समोरचा एवढाच धागा ओढून निर्बंधांनी लोकांचे जे हाल झाले ते सगळंच खोटं ठरवेल. आकडा सोडा, हॅलिडे यांची साक्ष धरा.

*थायलंड आणि कोर्ट.* १९८२ मध्ये 'मिरर'साठी पिल्जरांनी थायलंडमध्ये एक मुलगी विकत घेऊन तिला आईकडे परत पोचवल्याची बातमी दिली. मध्यस्थाने पैसे देऊन हा बनाव घडवला होता असं पुढे निघालं. १९९१ मध्ये कंबोडियावरच्याच दुसऱ्या एका माहितीपटावरून दोन माजी ब्रिटिश लष्करी व्यक्तींनी बदनामीचा दावा केला, तो भरपाई देऊन मिटवावा लागला. टीकाकार हे दोन दाखले हमखास काढतात. चाहत्याला ते आधी माहीत असायला हवेत.

*तक्रार झाली म्हणजे चूक होती, असं धरणं.* उलट बाजूचा सापळा. 'पॅलेस्टाईन इज स्टिल द इश्यू' (२००२) दाखवल्यावर कार्ल्टन या कंपनीच्या अध्यक्षांनी स्वतःच्याच कंपनीने दाखवलेल्या माहितीपटावर जाहीर टीका केली. तक्रारींचा पाऊस पडला. ब्रिटनच्या दूरचित्रवाणी नियामकाने चौकशी करून त्या फेटाळल्या. गदारोळ कितीही मोठा असो, शेवटी काय ठरलं ते वाचा.

*शेवटची वर्षं.* 'द कमिंग वॉर ऑन चायना' (२०१६) मधला पॅसिफिक महासागरातल्या मार्शल बेटांचा भाग थरकाप उडवतो. १९४६ ते १९५८ मध्ये अमेरिकेने तिथे ६७ अणुचाचण्या केल्या, त्यांचे भोग लोक आजही सोसतात. पण त्याच माहितीपटात चिनी सत्ताधाऱ्यांना क्लार्कसारखा प्रश्न कुणी विचारत नाही. युक्रेनवरच्या त्यांच्या लेखनातही नाटोच्या जबाबदारीवर सगळा प्रकाश आणि मॉस्कोवर फार थोडा. लंडन-वॉशिंग्टनला लावलेली कसोटी त्यांनी इथे तेवढ्याच कठोरपणे लावली नाही, असं माझं स्पष्ट मत आहे. त्यामुळे चागोसचे कागद खोटे होत नाहीत. पण नवख्याने हे सुरुवातीला पाहू नये.

७. पत्रकारितेत असाल किंवा यायचं असेल तर

'द वॉर यू डोन्ट सी' (२०१०). इराक युद्धाच्या वेळी सैन्याच्या तुकड्यांसोबत फिरणाऱ्या बातमीदारांनी काय दाखवलं आणि काय दाखवलं नाही, याचा हा पंचनामा. पिल्जर बीबीसी आणि आयटीव्हीच्या वरिष्ठांना समोर बसवून विचारतात की सरकारचे दावे तुम्ही न तपासता का पोचवलेत. आपल्याच धंद्यातल्या माणसांना, ज्या वाहिनीवर आपलं काम दिसतं तिच्याच वरिष्ठांना हा प्रश्न विचारायला धैर्य लागतं. बातमीदारीच्या विद्यार्थ्यांना मी क्रम मोडून हा आधी पाहायला सांगतो.

८. घरचा माहितीपट: 'युटोपिया' (२०१३)

परक्यांवर टीका सोपी असते म्हणणाऱ्याला हा दाखवा. पिल्जर स्वतःच्या देशात, ऑस्ट्रेलियात, आदिवासींच्या वस्त्यांत जातात. रॉटनेस्ट बेटावर पूर्वी आदिवासींना कोंडायचा तुरुंग होता, तिथे पुढे पर्यटकांसाठी हॉटेलच्या खोल्या झाल्या. पिल्जर त्या खोल्यांत उभे राहून किती माणसं कोंबली जायची ते सांगतात. दोन तासांच्या जवळपास लांबी आहे, दोन बैठकींत पाहिलात तरी चालेल.

९. चार जणांना दाखवायचा असेल तर

वाचनालयात, कॉलेजच्या मंडळात किंवा परदेशातल्या महाराष्ट्र मंडळात दाखवायचा झाल्यास आधी जाहीर प्रदर्शनाच्या हक्कांची चौकशी करा. घरी मोफत पाहता येतो म्हणजे सभागृहात दाखवता येतोच असं नाही. निवड 'स्टीलिंग अ नेशन'चीच करा. दाखवण्याआधी नकाशा भिंतीवर लावा आणि मराठीत पाच मिनिटांत पार्श्वभूमी सांगा. मध्ये थांबवून समजावत बसू नका, पिल्जरांची मांडणी एकावर एक रचलेली असते. संपल्यावर चर्चेसाठी २००० ते २०२५ च्या घडामोडींचा एक पानी कागद वाटा, कारण पहिला प्रश्न 'मग ती माणसं परत गेली का?' हाच येतो. पुस्तकं कुणी विचारली तर 'फ्रीडम नेक्स्ट टाइम' (२००६) सुचवा. त्यात चागोसवरचं प्रकरण आहे आणि भारतावरचंही.